रिकामं परत देऊ नये

कौसाबाईला पित्ताशय नव्हतं. म्हणजे पोटात होतं, चांगलं खड्यांनी भरलेलं होतं, सोनोग्राफीत डॉक्टरांना दिसतही होतं. पण सरकारदरबारी नव्हतं. तिथं ते चार वर्षांपूर्वीच काढून टाकलेलं होतं. तशी नोंद होती, बिल पास झालेलं होतं, आणि ती नोंद मी केलेली होती.

राहुरीच्या पुढं हमरस्त्याला लागून एका ट्रस्टचं रुग्णालय आहे. तिथं तळमजल्यावर, औषधाच्या दुकानाशेजारी सरकारी योजनेचं टेबल असतं. गरिबांचं ऑपरेशन फुकट व्हावं म्हणून ही योजना, आणि त्या टेबलामागं मी नऊ वर्षं बसतोय. माझ्या हुद्द्याचं नाव आरोग्यमित्र. हे नाव ज्यानं कुणी शोधलं त्याला स्वतःला मित्र नसावेत. कागद पुरे असतील तर मंजुरीला टाकायचे, अपुरे असतील तर 'पूर्तता करून आणा' म्हणून माणूस परत पाठवायचा, एवढीच आमची मैत्री. माझं हे वाक्य इतकं पाठ झालं होतं, की घरी बायकोनं भाजीची पिशवी रिकामी दाखवली तरी तोंडात तेच यायचं.

कौसाबाई मला 'मैतर' म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा वाटलं, बाई टोमणा मारतेय. मग कळलं की भिंतीवरची पाटी कुणीतरी तिला वाचून दाखवली होती, आणि तिनं ती खरी मानली होती. मी तिला समोर 'मावशी' म्हणायचो, अहो-जाहो करायचो. लिहिताना मात्र 'ती' असंच येतंय, येऊ दे.

ती पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवरची. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा आसाराम टोळीबरोबर ऊस तोडायला आमच्या भागात यायचे, पाडव्याच्या सुमाराला परत जायचे. उंचीला बेताची, हाडापेरानं दणकट, कपाळावर गोंदण. वर्षानुवर्षं मोळ्या वाहून टाळूवरचे केस विरळ झालेले. ती खुर्चीवर कधी बसली नाही. टेबलाच्या बाजूला फरशीवर एक गुडघा उभा करून बसायची, आणि मला मान वाकडी करून खाली बघत बोलावं लागायचं.

"वर बसा की मावशी."

"नगं. खुर्चीवर बसलं का मला काय बोलायचं ते आठवत न्हाई."

नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्यांच्यातला हिशोब. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून गाडीवर चढवायच्या. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. "आमच्यात मानसं न्हाई मोजत, मैतर, कोयते मोजत्यात," असं ती म्हणायची, आणि यात काही वाईट आहे असं तिच्या आवाजातून वाटायचं नाही. वाईट मला वाटायचं. ते तेवढ्यापुरतं वाटायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत जायचं.

पहिल्यांदा ती आली ती बिस्किटाचा पत्र्याचा डबा काखेत मारून. बरोबर टोळीतला एक तरणा गडी, पायाचं हाड मोडलेला, दोघांनी उचलून आणलेला. मी सवयीनं म्हणालो, "रेशनकार्ड लागेल. ओरिजिनल."

खरं तर मी वाक्याच्या दुसऱ्या भागाची तयारी करून बसलो होतो. ऊसतोडीच्या माणसाकडं मूळ रेशनकार्ड कधीच नसतं. माणसं इकडं येतात आणि कार्ड गावी म्हाताऱ्यांकडं राहतं, कारण म्हाताऱ्यांना तेवढे महिने धान्य त्याच्यावरच उचलायचं असतं. आजारी इथं, कार्ड शंभर किलोमीटरवर तांदळाच्या रांगेत. दर हंगामात अशी किती माणसं मी पूर्ततेला पाठवली असतील देव जाणे. पूर्तता करून परत आलेली फार थोडी.

कौसाबाईनं डबा उघडला. आत अख्ख्या टोळीची मूळ कार्डं. प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीच्या तोंडाला वेगवेगळ्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली. तिला वाचता येत नव्हतं. कुठला काठ कुणाच्या घरातला, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. हिरवा काठ चाचपला आणि बरोबर त्याच गड्याचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"सगळ्यांची कार्डं तुमच्याकडं? मग गावाकडं म्हातारी माणसं खातात काय?"

"तेच तर भांडन झालं. धाकल्या चुलत्याची सून मागच्या साली बाळंतपनात गेली. कार्ड घरी व्हतं, आनायला मानूस गेला, तवर ती ऱ्हायली का?" ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "मंग मी दर घरी हिंडले. म्हनलं, म्हातारे हो, तुमचं धान्य मी हितनं धाडीन, पर कार्ड माझ्यासंगं येनार. दोघं-तिघं म्हातारे अजून माझ्याशी बोलत न्हाईत."

तिनं धान्य धाडलंही. वस्तीकडं जाणाऱ्या कुठल्याही टेम्पोवाल्याला गाठून पिशव्या चढवायची. कुणी तिला हे काम सांगितलं नव्हतं. ती मुकादमाची बायको नव्हती, कसली कार्यकर्ती नव्हती, फोटो काढून घेणाऱ्यांतली तर मुळीच नव्हती. टोळीत तिचं स्थान एका कोयत्याच्या निम्मं, एवढंच.

त्या मोडक्या पायाच्या गड्याच्या बायकोनं दुपारपर्यंत काही खाल्लं नव्हतं, म्हणून मी माझा डबा तिला दिला. यात माझं मोठेपण काही नाही, त्या दिवशी डब्यात दोडका होता. आठवड्यानं कौसाबाई डबा परत घेऊन आली. घासून लख्ख केलेला, आणि आत मूठभर भाजलेल्या शेंगा.

"हे कशाला?"

"रिकामं भांडं परत देत्यात व्हय?" ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मला कुणी वळणच लावलं नव्हतं. "देनाराचं बी रिकामं ऱ्हातं अन् घेनाराचं बी. घरात काय नसलं तर मिठाचा खडा टाकावा, पर रिकामं परत देऊ नये."

पुढं मी एकदा तिच्या कोपीवर गेलो, कसल्याशा सह्या राहिल्या होत्या म्हणून. उसाच्या पाचटाच्या झोपड्यांची रांग, मधल्या वाटेवर बैल, पोरं, चुली. तिथं दिवसभर भांड्यांची ये-जा चाललेली असायची. हिची परात तिकडं, तिचा तवा इकडं. पण एकही भांडं रिकामं फिरत नव्हतं. कुणाच्या परातीत दोन मिरच्या, कुणाच्या तांब्यात चिमूटभर साखर. एवढ्या भिकेच्या धंद्यात एवढी श्रीमंत रीत कशी टिकली, हे मला कळलं नाही. आमच्या कॉलनीत लोक इस्त्रीसुद्धा एकमेकांना देत नाहीत.

तिच्या टोळीच्या कोप्यांच्या पलीकडं त्या वर्षी दुसऱ्या एका टोळीचं बिऱ्हाड पडलं होतं. ती माणसं सातपुड्याच्या पल्याडची, बडवानीकडची. मध्य प्रदेशातली. बोली वेगळी, देव वेगळे. आमच्या गावातली माणसं त्यांना किराणा दुकानातही मागं उभं करायची. त्यांच्यात सुरली नावाची एक बाई होती, तिशीच्या आतबाहेरची. कौसाबाईचं आणि तिचं जमलं. दोघींना एकमेकींचं अर्धंच कळायचं, पण पाटा-वरवंटा एकच होता, आणि बायकांचं तेवढ्यावर भागतं.

एका दुपारी कौसाबाई सुरलीला घेऊन आली. बाई पोट धरून वाकडी झाली होती, अंगात ताप. डॉक्टरांनी सांगितलं, पित्ताशय खड्यांनी भरलंय, पू झालाय, आजच्या आज दाखल करा, ऑपरेशन थांबवण्यासारखं नाही. फाइल माझ्या टेबलावर आली.

"रेशनकार्ड?"

सुरलीच्या नवऱ्यानं खिशातून त्यांच्या राज्याचं कार्ड काढलं. बिचाऱ्यानं ते आणलं होतं, हे विशेष. मी ते बघून परत केलं. आमच्या योजनेला तेव्हा आमच्याच राज्याचं कार्ड चालायचं. पित्ताशयाला राज्याची हद्द कळत नाही, पण ते मी त्याला काय सांगणार?

"यांना योजना लागू नाही मावशी. पैसे भरावे लागतील."

"का लागू न्हाई? ऊस कुनाचा तोडती ती? तिच्या राज्याचा तोडती का?"

मी संगणकाकडं बघत राहिलो. संगणकाकडं बघत राहणं हा आमच्या खात्यातला मौनाचा प्रकार आहे. ती उठली आणि सुरलीला घेऊन बाहेर गेली.

तासाभरानं दोघी परत आल्या. सुरलीनं आता कौसाबाईचं लुगडं नेसलं होतं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. टेबलावर जांभळ्या काठाच्या चिंधीची पिशवी आली. आत कौसाबाईचं स्वतःचं रेशनकार्ड आणि आधार कार्ड.

"मैतर, ही कौसाबाई आसाराम," कौसाबाई म्हणाली.

"आणि तुम्ही कोण?"

"मी तिची जाऊ."

मी आधार कार्डावरचा फोटो पाहिला. समोरच्या बाईकडं पाहिलं. तो फोटो तसा कुणाचाच वाटत नव्हता, कौसाबाईचासुद्धा. पण मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे कौसाबाईला माहीत होतं. सुरली भिंतीला टेकून थरथरत होती. मी मान खाली घातली आणि नाव टाइप केलं. नऊ वर्षांत केलेलं ते एकच काम मला धड आठवतं. चांगलं म्हणू की वाईट, ते अजून ठरत नाही.

वॉर्डात मात्र गंमत व्हायची. सिस्टर हाक मारायची, "कौसाबाई!" आणि सुरली मख्खासारखी छताकडं बघत पडायची. बाहेर व्हरांड्यात बसलेली कौसाबाई मोठ्यानं "ओ!" द्यायची, मग जीभ चावून आत पळायची आणि सुरलीला चिमटा काढायची. "तुला हाक मारत्यात गं, ध्यानात ठिव!" तिसऱ्या दिवशी सुरली कुणाचंही नाव घेतलं तरी ओ द्यायला लागली.

मी एकदा दबक्या आवाजात म्हणालो, "मावशी, हे बरं नाही. तुमच्या नावावर चढतंय हे सगळं."

"चढू द्या की. नाव काय झिजतंय व्हय?" ती हसली. "तवा दिला, परात दिली, नाव दिलं. ती बरी झाली का परत करंल."

आणि सुरलीनं परत केलं. घरी जायच्या दिवशी ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली, कार्डाची पिशवी दोन्ही हातांनी कौसाबाईच्या ओंजळीत ठेवली. प्लास्टिकच्या आत, कार्डाच्या घडीत, मक्याचे दहा-बारा दाणे होते. "खाली नाय द्यायचा," ती म्हणाली, म्हणजे रिकामं. तिच्या मुलखातही रीत तीच असणार, किंवा इथं शिकली असेल. कौसाबाईनं ते दाणे पदराला बांधले.

पुढच्या वर्षी अंगठ्याचं मशीन आलं. आता कार्ड पुरे नाही, अंगठा जुळला पाहिजे. कागदोपत्री हे उत्तमच. पण ज्यांच्या हातात सहा महिने कोयता आणि उसाचं पान, त्यांच्या अंगठ्यावर रेघा कुठून उरणार? माणूस मशीनवर अंगठा दाबायचा, मशीन लाल व्हायचं. पुन्हा दाबायचा, पुन्हा लाल. एक म्हातारा तर माझ्यासमोर रडला. म्हणाला, "सायेब, मी मीच हाय वो."

कौसाबाईनं यावरही तोड काढली. एका सकाळी ती पाच माणसं घेऊन आली, सगळ्यांच्या अंगठ्यांना ओली चिंधी गुंडाळलेली. आदल्या दिवशी त्यांना कोयत्याला हात लावू दिला नव्हता, तेल चोळून अंगठे रात्रभर ओल्या कपड्यात ठेवायला लावले होते. एकेकाची चिंधी सोडायची, पदरानं अंगठा पुसायची आणि म्हणायची, "दाब. हळू दाब. मशीनला घाबरू नको, त्याला बी आपली सवय न्हाई." पाचातले तीन अंगठे जुळले. बाकीच्या दोघांना मी काय सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

गेल्या हंगामात, संक्रांतीच्या पुढं-मागं, कौसाबाई एकटीच आली. डबा नव्हता, काखेत फक्त जांभळ्या काठाची पिशवी. पहिल्यांदाच ती खुर्चीवर बसली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"मैतर, सुरलीचे खडे माझ्यात आले बघा," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "नाव दिलं, तर दुखनं बी आलं मागून."

सोनोग्राफी झाली. खडे होते, दोन-तीन मोठे. सर्जन म्हणाले, फार वाट बघू नका, खडा खाली सरकला तर अवघड होईल. तिचा अंगठा तिसऱ्या खेपेला जुळला, मशीन हिरवं झालं आणि ती लहान मुलीसारखी खुश झाली. मी कागद मंजुरीला टाकले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सदर रुग्णाचे पित्ताशय यापूर्वीच काढण्यात आले आहे, प्रस्ताव नामंजूर.

मी सर्जनना दाखवलं. ते आधी मोठ्यानं हसले. "बाईला दोन पित्ताशयं होती की काय?" मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. त्यांनी काही विचारलं नाही. डॉक्टर लोक हुशार असतात, कुठं विचारायचं नाही ते त्यांना बरोबर कळतं.

मी वरच्या साहेबांना फोन केला. नाव न घेता, 'समजा असं झालं असेल तर' अशा भाषेत विचारलं. साहेब म्हणाले, "दुरुस्ती होते की. बाईनं प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्या वेळी आपलं कार्ड अमुक बाईनं वापरलं म्हणून. नाव, गाव सगळं. मग त्या बाईवर वसुली, गुन्हा, जे काय असेल ते. आणि त्या वेळी ओळख कुणी पडताळली, तेही बघावं लागेल."

हे सगळं मी कौसाबाईला सांगितलं. ती पोट हातानं दाबून ऐकत होती.

"मंजी सुरलीचं नाव सांगायचं."

"हो."

"मंग तिला धरतील?"

"केस होऊ शकते. पैसेही मागतील."

"तिच्यापाशी काय हाय मागायला?" तिनं पिशवीची चिंधी घट्ट बांधली. मग म्हणाली, "अन् तुमचं?"

"माझं काय?"

"तुमी तव्हा मान खाली घातली व्हती. मला दिसलं व्हतं की." तिनं आवाज अगदी खाली आणला, जणू भिंतीला कान होते. "तुमची नोकरी जाईल का न्हाई?"

माझी नोकरी कंत्राटी. मुलगी दहावीला. हे मी तिला सांगितलं नाही, पण माझं न बोलणं तिनं नेमकं वाचलं. वाचता येत नसलेल्या बाईला एवढं बरं वाचता येत होतं.

"ऱ्हाऊ द्या मंग," ती म्हणाली. "दिलेलं नाव परत घेऊन त्याच्यावर दुसऱ्याला फाशी द्यायची, ही रीत न्हाई आमच्यात."

मी दुसरे रस्ते शोधले, अगदीच हातावर हात ठेवून बसलो असं नाही. आमच्याच रुग्णालयात सवलतीच्या खाटा होत्या, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागायचा, तो तिच्या तहसिलीतून, तिनं स्वतः जाऊन आणायचा. तेवढे दिवस आसारामचा अर्धा कोयता शेतात काय करणार, म्हणून मुकादम सोडायला तयार नव्हता. मोठ्या सरकारी दवाखान्याला मी चिठ्ठी दिली. तिथं रांग मोठी होती, तिला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. तारखेचा कागद तिनं पिशवीत घडी करून ठेवला.

आणि एक रस्ता होता जो मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. प्रतिज्ञापत्र तिनं द्यायची गरजच नव्हती. मी लिहून देऊ शकलो असतो, की मूळ नोंदणीच्या वेळी रुग्णाची ओळख पडताळण्यात माझ्याकडून चूक झाली. मी सुरलीचं नाव घेतलं नसतं तर ते कुणाला कळणार होतं? दुसऱ्या राज्यातली बाई, कागदावर कुठंच नसलेली. नोकरी गेली असती, किंवा गेलीही नसती, एखादा मेमो मिळाला असता. एवढंच होतं. मी ते वाक्य लिहिलंही, कोऱ्या कागदावर, खाली सही केली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. उद्या देतो, असं ठरवलं. उद्याचे बरेच दिवस गेले.

तारखेच्या नऊ दिवस आधी कौसाबाई गेली. खडा सरकला होता. रात्री दुखायला लागलं, पहाटे ट्रॅक्टरवर घातली, वाटेतच संपली. हे मला आसारामनं सांगितलं, दहाव्यानंतर. तो बिस्किटाचा डबा घेऊन आला होता. म्हणाला, "टोळीतली कार्डं हायेत. मला काठ वळखत न्हाईत. तुमी तेवढी नावं वाचून सांगा, म्हंजे ज्याची त्याला देतो." मी एकेक कार्ड काढून नावं वाचली. तो हातातल्या चिंधीकडं बघत मान हलवत होता.

या हंगामात सुरली आली होती. तिच्या राज्याच्या लोकांना आता अमुक अटींवर योजना मिळते म्हणे, तेव्हा ती तिच्या पोराला घेऊन बिनधास्त आली, पदर न ओढता. काम झालं तसं तिनं विचारलं, "कौसाबाई कुठं? दिसली नाय." मी सांगितलं, वारली. "कशानं?" माझ्या तोंडून आलं, "पोटाच्या दुखण्यानं." मग कनवटीची पुरचुंडी काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवली, मक्याचे दाणे होते. कौसाबाईसाठीच आणले असणार. मी ते घेतले. घ्यायला नको होते.

कौसाबाईचं शेवटचं दर्शन मला झालं ते तारखेचा कागद दाखवायला ती आली त्या दुपारी. कार्ड माझ्याकडं राहिलं होतं, झेरॉक्ससाठी. मी ते पिशवीत घातलं आणि तिच्या हातात दिलं. ती उठली, भिंतीचा आधार घेऊन दाराशी गेली. बाहेर उसाची ट्रॉली उभी होती, आसाराम हात हलवून बोलवत होता. दाराशी ती थांबली. तिनं पिशवीची जांभळी चिंधी सोडली आणि सवयीनं दोन बोटं आत घालून कार्डाची घडी चाचपली. एकदा, मग पुन्हा एकदा, अगदी तळापर्यंत. मग माझ्याकडं वळून बघितलं. रागानं नाही, कसलाच ठपका नव्हता त्यात.

"झिजलं की वो नाव, मैतर," ती म्हणाली, आणि चिंधी बांधून पायऱ्या उतरली.

माझ्या सहीचा कागद तेव्हा माझ्या खिशात होता. पिशवीत तो सहज मावला असता.